पराते मॅडमचा ‘नाही’

‘हो ना?’ असं कुणी विचारलं की पराते मॅडमच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. प्रश्न कितीही साधा असो. “मॅडम, चहा घ्याल, हो ना?” एवढं जरी कुणी म्हटलं तरी त्या दारातच थांबायच्या. “तूच इचारून राहिली अन् तूच उत्तर देऊन राहिली. मंग मले कायले बोलावलं?” असं म्हणून चपला न काढताच परत फिरायच्या. आमच्या खैरटोल्यातल्या दोन-तीन घरांतून त्या अशा चहा न पिता गेल्या होत्या. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलेलं आहे. माझी आईसुद्धा तेच म्हणायची, फक्त जरा हळू आवाजात.

मला त्या आठवीत इंग्रजी शिकवायला आल्या. उंच, सडपातळ, हातमागाची जाडसर साडी. त्यांचं माहेर भंडारा शहरातलं, विणकरांचं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर इंग्रजीतला ‘नो’ लिहिला आणि विचारलं, “याला मराठीत काय म्हणतात?”

आम्ही सगळे ओरडलो, “नाही!”

“आणखी?”

मॅडमनी मला उभं केलं. “वैशाली, तुला भाकर वाढू?”

“नको, मॅडम.”

“हा फळा खिडकी आहे का?”

“खिडकी नव्हे, मॅडम.”

“परीक्षेत कॉपी करावी का?”

“करू नये.”

“बसा. नाही, नको, नव्हे, नये. चार नकार आहेत तुमच्याजवळ. त्या इंग्रजाकडं बघा, बिचाऱ्याला त्या एका ‘नो’ला इकडून तिकडून ठिगळं लावून काम भागवावं लागतं. तुम्ही श्रीमंत लोक आहात. आणि तरीही घरी गेल्यावर प्रत्येक गोष्टीला मुंडी हलवून हो म्हणता. लाज वाटली पाहिजे!”

शेवटचं वाक्य त्या इतक्या जोरात बोलल्या, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. आम्ही काय चूक केली ते आम्हाला कळलं नाही. त्या मात्र तासभर धुमसत होत्या.

पुढं कळलं, की मॅडम जगभरच्या भाषांतला ‘नाही’ गोळा करत होत्या. त्यांचा एक कडक नियम होता. पुस्तकात वाचलेला किंवा मोबाइलनं सांगितलेला शब्द त्या धरत नसत. ती भाषा बोलणाऱ्या किंवा त्या लोकांत राहून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलाच चालायचा. तुमसरला गाड्यांचं गॅरेज टाकलेला एक मेकॅनिक आखातात राहून आला होता. त्याच्याकडून त्यांनी अरबीतला ‘ला’ घेतला. नागपूरच्या गाडीत भेटलेल्या एका आफ्रिकी विद्यार्थ्याकडून स्वाहिलीतला ‘हापाना’. नाकाडोंगरीकडच्या एका म्हातारीकडून गोंडीतला ‘हिल्ले’. एक जुनी विद्यार्थिनी आयर्लंडमध्ये नर्स होती. तिच्या वॉर्डात एक आजोबा आयरिश बोलायचे. तिनं त्यांना विचारून फोनवर सांगितलं, की त्या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्दच नाहीत. ‘आलास का?’ विचारलं तर ‘आलो’ किंवा ‘आलो नाही’ असं पूर्ण क्रियापद लावूनच सांगावं लागतं. मॅडमना ते फारच आवडलं. “पहा,” त्या वर्गात म्हणाल्या, “तिथं नुसती मुंडी हलवून सुटका नाही. काय नाही ते तोंडानं सांगावं लागतं.”

थंडीत भंडाऱ्याला तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात. एका वर्षी मॅडम आम्हा चार मुलींना घेऊन तिथं गेल्या आणि एका तिबेटी बाईसमोर बसून त्यांनी तिचा अर्धा तास खाल्ला. ती बाई सांगत होती, की ‘नाही’साठी त्यांच्याकडं एकच शब्द नाही. वस्तू जवळ नसली तर ‘मिंदू’, आणि ती अमुक नव्हे असं सांगायचं असलं तर ‘मारे’. मॅडमनी तिचा हात धरला. “म्हणजे आमच्यासारखंच! नाही आणि नव्हे!” ती बाई हसली आणि तिनं एक निळं स्वेटर पुढं केलं. मॅडम म्हणाल्या, “नको.” बाईला तो शब्द बरोबर समजला. तिनं पुन्हा आग्रह केला नाही, म्हणून मॅडमनी तिथंच जाहीर केलं, की ही बाई सभ्य आहे.

ग्रीसमध्ये ‘ना’सारखा ऐकू येणारा ‘ने’ म्हणजे ‘हो’, हे त्यांनी कुठल्याशा जहाजावर नोकरी केलेल्या माणसाकडून ऐकलं होतं. ते सांगताना त्यांचा चेहरा अजूनही मला दिसतो. वर्ग हसत होता, आणि त्या हसत नव्हत्या. “एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडंही बायकांचा ‘ना’ लोकांना ‘हो’च ऐकू येतो.”

त्याचं कारण त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं, मी कॉलेजात असताना. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पाहुणे आले, पोहे झाले, आणि सगळ्यांसमोर मामांनी विचारलं, “पोरगा पसंत आहे, हो ना?” त्या खाली बघत राहिल्या. “मी गप्प बसली,” त्या म्हणाल्या, “अन् सगळे टाळ्या वाजवून राहिले. मले वाटलं, अजून तर मी काही बोललीच नाई.” दोन वर्षांनी त्या सासर सोडून आल्या, बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या, आणि कुणाच्याही घरी परत गेल्या नाहीत. मामांच्या तेरवीलाही गेल्या नाहीत. त्यांचा राग चाळीस वर्षं टिकला. मला तेव्हा तो अतिरेक वाटला होता.

निवृत्त झाल्यावर त्या भंडाऱ्याला परत गेल्या नाहीत. खैरटोल्यातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. मला त्याच सुमारास ग्रामपंचायतीत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली. दाखले काढायचे, ठराव टाइप करायचे. बाबा नव्हते, घरात मी आणि आई. आईनं गावात पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, “खुर्चीवर बसून पाठ वाकवू नकोस.” मला वाटलं, त्या तब्येतीबद्दल बोलतायत.

तिसऱ्या वर्षी गावात पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. गावाच्या मागं एक टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी बोडी, म्हणजे लहान तळं. त्या बोडीच्या पाण्यावर साठ-सत्तर घरांचं धान पिकतं. एका कंपनीला ती टेकडी फोडून गिट्टी काढायची होती, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. सोमवारी सभा होती. त्याआधीच्या गुरुवारी सचिव साहेबांनी माझ्या टेबलावर एक हातानं लिहिलेला कागद ठेवला. ‘सदर कामास ग्रामसभेची सर्वानुमते ना हरकत आहे.’

मी विचारलं, “साहेब, सभा तर अजून व्हायची आहे.”

“फॉरमॅट आहे तो. आधी तयार ठेवावा लागतो. करून ठेवशील, हो ना?”

मी म्हटलं, “हो.”

सोमवारी शाळेच्या पटांगणात सभा झाली. एवढ्या बायका मी ग्रामसभेला कधी पाहिल्या नव्हत्या. हजेरीचं रजिस्टर आधी फिरलं, सह्या आणि अंगठे झाले. मग सरपंचांनी विषय वाचला. पहिल्या रांगेतल्या भागरताबाई उठल्या. साठी ओलांडलेली बाई, बोडीखाली तिची दीड एकर धानाची बांधी. ती म्हणाली, “नोको. आमाले तुमची गिट्टी नोको. बोडी फुटन त धानाचा रोवना कायच्या भरवशावर करू?” मग एकेक बाई उठत गेली. नोको. नाई. जमत नाई. देत नाई. मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा असा झाला होता जणू सगळा वर्ग पहिल्या श्रेणीत पास झाला आहे. सरपंच म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे, नोंद घेतली.” मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. लॅपटॉपमध्ये तो ठराव होता. मी तोंड उघडलं नाही.

दोन महिन्यांनी टेकडीच्या वाटेवर पोकलेन येऊन उभं राहिलं.

मॅडमनी माहितीच्या अधिकारात ठरावाची प्रत काढली आणि ती घेऊन त्या थेट ऑफिसात आल्या. सचिव साहेब, सरपंच, दाखल्यासाठी आलेली चार माणसं, सगळे होते. मॅडमनी कागद टेबलावर आपटला.

“साठ बायांनं ‘नोको’ म्हटलं. या कागदात एकच ‘ना’ हाय, अन् त्याच्या मांग तुमी हरकत लावून देली! जगातल्या एवढ्या भाषा ऐकल्या म्या, पण नाईचा हो करनारा एवढा बेशरम शब्द कुठंच भेटला नाई!”

सचिव साहेब म्हणाले, “मॅडम, शांत व्हा. सह्या आहेत सगळ्यांच्या.”

“कोनं टाइप केलं हे?”

मीच म्हणाले, “मी.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. “कधी?”

सचिव साहेब माझ्या खुर्चीच्या मागं उभे होते. मला उत्तर देता आलं नाही. मॅडमना ते उत्तर पुरेसं होतं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “चार शिकवले होते तुला. एकही वापरला नाहीस.” आणि निघून गेल्या.

मी तीनदा त्यांच्या घरी गेले. दोनदा त्यांनी दारच उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं, माझ्या हातातला आंबिलीचा डबा पाहिला, “नको” म्हणाल्या आणि दार लावायला लागल्या. तेव्हा माझा तोल गेला. इतके दिवस मी शरमेनं मेल्यासारखी झाले होते. त्या शरमेच्या खाली राग होता, हे मलाही माहीत नव्हतं.

“मॅडम, तुम्हाला पेन्शन आहे,” मी दार धरून म्हणाले. “तुम्हाला नाही म्हणणं सोपं आहे. तुम्ही इतक्या देशांचा ‘नाही’ गोळा केला, पण तो म्हणणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं ते कधी कुणाला विचारलंत? कोणत्या देशात साहेबाला नाही म्हटल्यावर नोकरी राहते, ते सांगा मला! मी तिथं जाते!”

शेजारच्या बायका बाहेर आल्या. मॅडमनी दारावरचा हात काढला. त्या म्हणाल्या, “हे मले आजवर कोनंच इचारलं नाई.” आणि आत वळल्या. दार मात्र उघडंच राहिलं. मी आत गेले नाही. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडं आल्या. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. मग मला म्हणाल्या, “तू काही सांगू नको कोनाले. तुह्या मायचं पाहा पह्यले. मी दुसरा रस्ता पाहते.” एवढंच. माफी मागितली नाही, माझ्याकडूनही मागून घेतली नाही. जाताना डबा परत केला. धुतलेला होता.

त्यांच्या तक्रारीवरून चौकशी लागली. एक अधिकारी शाळेत येऊन बसले. सचिव साहेबांनी सांगितलं, की ठराव सभेतच, सगळ्यांसमोर लिहिला गेला. मॅडम उठून बोलायला लागल्या, तर अधिकारी हात वर करून म्हणाले, “मॅडम, तुम्ही उगाच चिडताय. रागानं बोललं की मुद्दा राहतो बाजूला.” मॅडम म्हणाल्या, “साहेब, मुद्दा आहे म्हणून राग आहे!” पण त्यांचा आवाज चिरकला आणि कुणीतरी हसलं. मग अधिकाऱ्यांनी भागरताबाईला पुढं बोलावलं, रजिस्टर दाखवलं आणि विचारलं, “आजी, हा अंगठा तुमचाच, हो ना?”

भागरताबाईनं अंगठ्याकडं पाहिलं. अंगठा तिचाच होता. ती काय म्हणणार? “हो,” ती म्हणाली.

“झालं तर मग,” अधिकारी लिहायला लागले.

मॅडम मटकन खाली बसल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर कदाचित मी उठले नसते. त्या आपला शब्द पाळत होत्या, आणि तेच मला सहन होईना.

मी उठले. “नव्हे, साहेब,” मी म्हणाले. “अंगठा हजेरीचा आहे, ठरावाचा नव्हे. ठराव मी टाइप केला, सभेच्या चार दिवस आधी. फाईल कॉम्प्युटरवर आहे, तिच्यावर तारीख आहे. मी ती पुसलेली नाही.”

सचिव साहेब म्हणाले, “वैशाली, विचार करून बोल.”

“विचार करायला मला पाच महिने लागले, साहेब.”

तो ठराव रद्द झाला. पोकलेन परत गेलं. सचिव साहेबांची बदली झाली, तीही त्यांना सोयीच्या गावी. माझं कंत्राट मार्चमध्ये संपलं आणि पुन्हा झालं नाही. कुणी काही बोललं नाही, पत्र नाही, कारण नाही. चौकशीच्या त्या दिवशी शाळेबाहेर मॅडम माझी वाट पाहत उभ्या होत्या. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, “पाच महिने काहून लावले?” मग माझी सायकल स्वतः ढकलत माझ्या घरापर्यंत चालत आल्या.

कंपनी मात्र गेली नाही. तीच टेकडी पलीकडच्या बाजूनं दुसऱ्या गावाच्या हद्दीत उतरते. त्या गावानं गुपचूप ना हरकत दिली. आमच्या गावात लोक म्हणाले, चला, आपली तर पीडा टळली. ते ऐकून मॅडम इतक्या संतापल्या, की त्यांनी आठवड्याभरात सामान बांधलं आणि त्या गावात जाऊन खोली घेतली. वय बासष्ट. ओळखीचं कुणी नाही. मी टेम्पोतून त्यांची पेटी पोचवायला गेले तेव्हा विचारलं, “मॅडम, इथं तुमचं कोण ऐकणार?”

“पह्यले मी ऐकते त्याहिचं,” त्या म्हणाल्या. “मंग पाहू.”

चार महिने त्या घरोघर फिरल्या. बायका जमवल्या, अर्ज लिहून दिले. पाचव्या महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ नऊ दिवस होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. अरबी, स्वाहिली, तिबेटी, इंग्रजी, फळ्यावरची शुद्ध मराठी, सगळं गेलं. एकच शब्द उरला होता, लहानपणचा, माहेरच्या घरातला. “नाई.” औषधालाही नाई, माझ्या नावालाही नाई, तहान लागली तरी नाई. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, एखादाच शब्द राहतो, त्याचा अर्थ धरू नका. नर्स म्हणाली, “आजी फार चिडतात.” मी तिच्यावर खेकसले, “त्या चिडत नाहीत, त्या पाणी मागतायत. त्यांच्याजवळ एवढाच शब्द आहे.” मी चमचा तोंडाशी नेला. त्या “नाई, नाई” म्हणत सगळं पाणी प्यायल्या. दहाव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

लोकांना त्या चांगल्या आठवाव्यात म्हणून मी त्यांना प्रेमळ वगैरे ठरवणार नाही. त्या तापट होत्या, हट्टी होत्या, आणि माझ्यासारखीला नाही म्हणण्याची काय किंमत पडते हे त्यांना फार उशिरा कळलं. पण कळल्यावर त्या मला वाचवायला गप्प बसल्या. आयुष्यात एकदा गप्प बसून त्यांचं वाटोळं झालं होतं. तरीही माझ्यासाठी त्या दुसऱ्यांदा गप्प बसल्या.

पलीकडच्या गावात सुरुंग सुरू झाले आहेत. रोज दुपारी साडेबाराला आमच्या स्वयंपाकघरातली भांडी हादरतात. परवा आई म्हणाली, “आपल्या हद्दीत नाही ना, मग कशाला जीव जाळतेस?” मी अर्ज लिहीत राहिले. त्या गावच्या अकरा बायकांनी त्यावर सही केली आहे, आणि प्रत्येकीला मी सही करण्याआधी संपूर्ण अर्ज वाचून दाखवला. आणखी दोघींनी ऐकून झाल्यावर नको म्हटलं. मी त्यांची नावं घेतली नाहीत. मंगळवारी तुमसरला मॅडमनी लिहून दिलेल्या अर्जांची सुनावणी आहे, तिथं हाही द्यायचा आहे. भागरताबाई म्हणाली, मीपण येते. आमची बस सव्वानऊची आहे.